गुळगुळीत पाठीची गाडी

आपल्याकडे बहुतेक हॅचबॅकच्या बेस मॉडेलला मागचा वायपर नसतो. वायपर, मागच्या काचेचा डिफॉगर, रिव्हर्स कॅमेरा हे सगळं वरच्या मॉडेलात पदरात पडतं. त्यामुळे बेस मॉडेल घेऊन नंतर अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून वायपर बसवून घेणारे पुष्कळ भेटतात. मी नेमका उलटा गेलो. जादा पैसे मोजून वरचं मॉडेल घेतलं आणि त्यातला वायपर स्वतःच्या हाताने उपटून काढला. कशासाठी, तर गाडी मागून ‘क्लीन’ दिसावी.

हे खूळ मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिरलं. युरोपातल्या कुठल्याशा शहरातला स्वच्छ रस्ता, जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली हॅचबॅक, मागची काच सलग काळी, तिच्यावर काही म्हणजे काही नाही. ते पाहिल्यापासून माझ्या गाडीचा वायपर डोळ्यांत खुपायला लागला. मोठ्या कंपन्यांनाही तो खुपतो, हे कळल्यावर तर मला चांगलाच जोर चढला. टाटांनी २०२३ च्या नव्या नेक्सॉनमध्ये तो स्पॉयलरखाली दडवला. ह्युंदाईच्या आयोनिक ५ या इलेक्ट्रिक गाडीला २०२१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा मागे वायपर दिलाच नव्हता. पुढे गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि २०२४ च्या सुधारित गाडीत तो बसवावा लागला. यातला कुरकुरीआधीचा भाग मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. उरलेला गाळला.

ती म्हणाली, “अहो, पण आपण राहतो कुठे?”

आम्ही राहतो काल्हेरला. ठाण्याहून बाळकुम मागे टाकून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की कशेळी, मग काल्हेर, पुढे पूर्णा आणि अंजूरफाटा. दोन्ही अंगांना गोदामं, फर्निचरची दुकानं, त्यांच्या आतल्या बाजूला आमच्यासारख्यांच्या इमारती. डोक्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि तेव्हापासून खालच्या रस्त्याला पत्रे, खड्डे आणि माती यांची सवय झाली. वर कंटेनर आणि ट्रेलरची अखंड रांग. इथे उन्हाळ्यात गाडी धुऊन गॅलरीत उभं राहून चहा पिईपर्यंत तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. बायकोच्या प्रश्नात हे सगळं होतं. मला ते कळलंही होतं. पण मनात एक चित्र पक्कं बसलं की माणूस उत्तरं तयार ठेवतो. माझं उत्तर होतं, “कॅमेरा आहे ना.”

सोसायटीतल्या एका गृहस्थांनी आरटीओची भीती घातली, तेव्हा मी कायद्याचाही अभ्यास केला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वायपरचा नियम आहे तो पुढच्या काचेचा. मागच्या वायपरची सक्ती मला कुठे सापडली नाही, म्हणून मी खूश. त्याच नियमांत, काचांवरच्या काळ्या फिल्मवरून सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ज्याच्यावर बोट ठेवलं तो शंभरावा नियमही आहे: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पावसाळ्यात माझ्या मागच्या काचेतून त्यातला किती जात होता, हे कोणी मोजलं नाही म्हणून बरं.

काढण्याचं काम दिवाळीनंतरच्या एका रविवारी, स्वतःच. दांडीच्या मुळाशी प्लास्टिकचं टोपण असतं, ते नखाने निघालं. खालचा नट पान्याने सुटला. दांडी मात्र दातेरी आसावर घट्ट रुतून बसलेली, आत गंज. ती काढायला छोटा पुलर मिळतो. दांडीला धरून मधला स्क्रू फिरवला की सरळ वर उचलली जाते. मी पेचकस घातला आणि उचकटलं. पेचकस निसटून पत्र्यावर नखभर लांब ओरखडा उठला. तो काचेवर निसटला असता तर उद्योग तिथेच संपला असता, कारण मागची काच टफन्ड असते. तिला तडा जात नाही, गेली की अख्खी जाते. मग आतलं प्लास्टिकचं आवरण ओढलं, दोन-तीन क्लिपा तुटल्या. मोटरचे बोल्ट काढले, वायरचा कपलर सोडवला. माझ्या गाडीत मागच्या काचेवर उडणारं पाणी वायपरच्या पोकळ आसातूनच येतं, त्यामुळे मोटरला एक बारीक रबरी नळीही जोडलेली होती. ती खेचून काढली आणि तशीच आत लोंबत सोडली. पत्र्यातल्या भोकात मागवलेलं काळं रबरी बूच बसवलं, कडेने सिलिकॉन फिरवलं, आवरण ठोकून लावलं. गाडी खरंच देखणी दिसत होती. खाली उतरलेल्या दोघा-तिघांनी तसं म्हटलंही. मी मागून फोटो काढले, थोडं अंतर ठेवून, ओरखडा दिसू नये म्हणून.

त्या नळीबद्दल सांगायला हवं. गाडीत काच धुण्याच्या पाण्याची टाकी पुढे असते, एकच. माझ्या गाडीत पंपही एकच आहे. तो सुलटा फिरला की पाणी पुढच्या काचेवर, उलटा फिरला की छताच्या अस्तराखालून गेलेल्या लांब नळीतून मागे. स्टिअरिंगजवळची दांडी आपल्याकडे ओढली की पुढे, पलीकडे ढकलली की मागे. मी मोटर काढली, पंप जागेवरच होता. हाताची सवयही जागेवरच. कशेळीच्या पुलाअलीकडे रांगेत अडकलो की आरशात धुरकट काच दिसायची आणि हात आपोआप दांडी पलीकडे ढकलायचा. काही व्हायचं नाही. काही झालं नाही की माणूस पुन्हा दाबतो, तसं मी दाबायचो. मग आठवायचं, अरे, वायपर काढलाय. गंमत वाटायची. त्या प्रत्येक गमतीत डिकीच्या दरवाजाच्या पोटात पाण्याची एक चूळ पडत होती. या दरवाजाला तळाशी पाणी निथळायला भोकं असतात, पण काल्हेरची धूळ ती कधीच बुजवून बसली होती.

फेब्रुवारीत डिकीतून कुबट वास यायला लागला. पाऊस सोडा, आभाळात ढग नव्हता. स्टेपनीवरचं पुठ्ठ्याचं आवरण ओलं, खाली खळग्यात पाणी. दरवाजा वर उचलला की कडेने थेंब गळायचे.

माझा पहिला संशय आमच्या गाड्या धुणाऱ्या पोरावर गेला. शहापूरकडचा, पहाटे पाचला येऊन आठ-दहा गाड्या पुसून मग एका गोदामात हमालीला जायचा. याने डिकी उघडून आत बादली मारली असणार, नाहीतर दरवाजा नीट लावला नसणार, असं मी ठरवून टाकलं. खाली उतरून त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, “दादा, मी डिकी उघडतच नाय. आन् ह्या पान्याला तर साबनाचा वास येतोय. मी साबन वापरतो का कधी? नुसतं पानी नि फडकं.”

खळग्यातल्या पाण्यावर निळसर फेस होता. काच धुण्याच्या टाकीत मी स्वतः टाकत असलेला निळा शाम्पू, त्याचा तो लिंबासारखा वास, हे सगळं माझ्या नाकासमोर होतं. त्याने उत्तर माझ्या हातात दिलं होतं. पण चारचौघांत आवाज चढवलेला असतो, तेव्हा समोरच्याचं खरं असू शकतं हे ऐकून घेण्याची वेळ निघून गेलेली असते. “मग काय मी टाकलं पाणी?” असं मी म्हणालो. म्हणजे तेही खरंच बोललो. त्या महिन्याचे त्याचे पैसे मी अर्धेच दिले आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. स्टेपनीच्या खळग्याला वर्तमानपत्र लावलं, डिकीत कापराच्या वड्या ठेवल्या. पाणी येतच राहिलं. तेव्हा मी रबरी बुचावर सिलिकॉनचा आणखी एक थर दिला.

जूनमध्ये खरा पाऊस सुरू झाला. मला वाटत होतं, वेगात गेलो की वाऱ्याने मागची काच आपोआप साफ होईल. ते सेडानच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. तिची मागची काच तिरपी असते, पुढे डिकीचं झाकण. छतावरून आलेली हवा बरीचशी काचेला धरून उतरते. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचं वायपरवाचून भागलं ते त्यामुळेच. हॅचबॅकची पाठ एकदम उभी कापलेली. तिथे हवा काचेला सोडून पुढे निघून जाते आणि गाडीमागे कमी दाबाची, भोवऱ्यांची जागा तयार होते. चाकांनी उडवलेला चिखल आणि तुषार त्या जागेत ओढले जातात आणि काचेवर येऊन बसतात. एसटीच्या मागे कागदाचे कपटे गरगरत तिच्याच पाठीला जाऊन चिकटतात, तसं. वेग वाढवला म्हणून सुटका नाही. गाडी आपल्या मागचा चिखल आपल्याच पाठीवर ओढून घेत असते. आणि ज्या कॅमेऱ्याच्या भरवशावर मी बायकोला गप्प केलं होतं, तो त्याच पाठीवर, नंबरप्लेटच्या वर. दोन किलोमीटरमध्ये त्याच्या डोळ्यावर तपकिरी पापुद्रा चढायचा. पडद्यावर चहासारखं काहीतरी दिसायचं, त्यात हिरव्या-लाल रेषा.

एका संध्याकाळी गोदामांच्या गल्लीत समोरून ट्रेलर आला म्हणून मला मागे घ्यावं लागलं. आरशात तपकिरी काच, पडद्यावर चहा. बाजूच्या आरशांत बघत मागे सरकलो. पार्किंग सेन्सर गप्प, म्हणून निर्धास्त होतो. मागे माल उतरवत असलेला एक टेम्पो उभा होता, त्याचा फाळका साखळ्यांवर आडवा पाडलेला. सेन्सर बंपरमध्ये असतात, बंपरच्या उंचीवरचं तेवढं त्यांना कळतं. फाळका त्याच्या बराच वर, बरोबर काचेच्या रेषेत. कुकरची शिट्टी उडावी तसा नव्हे, अगदी बारका, कोरडा आवाज झाला आणि काच खडीसाखरेसारखी मागच्या सीटवर सांडली. सीटवर कोणी नव्हतं.

उतरलो ते टेम्पोवाल्यावर तोंड टाकतच. फाळका उघडा ठेवतात का, लाल फडकं तरी बांधायचं. तो खाली उतरला, काचेच्या चौकटीत अडकून राहिलेले चिखलाने माखलेले तुकडे बघितले, हाताने एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, “शेठ, इसमें से तुमको क्या दिखता था?”

विम्याचा दावा केला नाही. चार वर्षं दावा न केल्याची हप्त्यातली सवलत गेली असती आणि सर्व्हेअरला त्या बुचाबद्दल काय सांगायचं, हाही प्रश्न होताच. डिफॉगरच्या तारांसकट नवी काच खिशातून. अंजूरफाट्याकडच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने काचेचा चुरा काढायला आतलं आवरण उघडलं तर दरवाजाच्या पोटातून लोटाभर पाणी निघालं, वर फेस. लॉकच्या कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या. लोंबणारी नळी त्याने दोन बोटांत धरून माझ्याकडे केली. “ये पाइप किसने खुला छोडा?”

“आधीच्या गॅरेजवाल्याने,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि त्या न झालेल्या गॅरेजवाल्याला एक शिवी हासडली. मी त्याला दुजोराही दिला.

वायपर परत बसवला. जुनी दांडी माळ्यावर जपून ठेवली होती, पण उचकटताना वाकली होती. ब्लेड काचेला मधोमध टेकेना. नवी घ्यावी लागली. मोटर मात्र चालली. दिसायला मला तो अजूनही आवडत नाही, काचेवर काहीतरी विसरून राहिल्यासारखं वाटतं. बायकोने त्यावर काही म्हटलं नाही. फक्त पहिल्या पावसात शेजारी बसून दांडी स्वतः पलीकडे ढकलून बघितली.

धुणाऱ्या पोराला शोधत शेजारच्या इमारतीत गेलो. तिथे त्याने आता बारा गाड्या धरल्या होत्या. कापलेले अर्धे पैसे त्याच्या हातात ठेवले, पाणी कुठून येत होतं तेही सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. पुन्हा येशील का विचारलं तर फडकं पिळत म्हणाला, महिन्याला शंभर जास्त पडतील, आणि डिकी धुवायची असेल तर तुम्ही स्वतः खाली येऊन उघडायची, तुम्हीच लावायची. दोन्ही अटी मी मान्य केल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा पहाटे पाचला डिकी उघडायला मी खाली जातो.