मानी प्रतिनायक
अकिरा तोरियामा यांच्या चित्रकथेवरील 'ड्रॅगन बॉल झी' (१९८९-९६) या ॲनिमे मालिकेतील व्हेजिटा हा राजपुत्र. हीन कुळातल्या गोकूने दिलेले जीवदान त्याला पराभवाहून अधिक बोचते. हरवलेले क्रौर्य परत मिळावे म्हणून पुढे तो बाबिदीच्या जादूला स्वेच्छेने वश होतो. म्हणजे अभिमान राखण्यासाठी स्वातंत्र्यच गहाण टाकतो. नंतर पत्नी व पुत्रासाठी तो आत्माहुतीही देतो. परंतु मानी माणसाला मरण एक वेळ सोपे असते. माजिन बूशी झुंजणाऱ्या गोकूला पाहताना तो त्याचे श्रेष्ठत्व मान्य करतो, तेही केवळ मनोमन. त्या जुन्या जीवदानाचा अर्थ त्याला आता उमगतो. अभिमान शिल्लक उरतोच. फक्त कुळाचा आधार सोडून तो सत्य पाहण्याच्या धैर्यावर उभा राहतो.