न्हाणीच्या छपरातलं भोक

संपादकांनी चाकांवरच्या घरांविषयी लेख मागितला आणि सोबत बजावलं, की आकडे कमी, घाट-समुद्र जास्त. घाट-समुद्र मी इतर लेखकांवर सोपवतो. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून टेम्पो ट्रॅव्हलरचं किंवा जुन्या मिनीबसचं घर करून घेण्याची हौस आमच्या कोल्हापुरातही दिसू लागली आहे. चित्रनगरीमुळे व्हॅनिटी व्हॅन तर आम्हाला परकी नाहीच. अशी गाडी करून घेणारे बेडची लांबी विचारतात, छतावर सोलरची पॅनेलं किती बसतील ते विचारतात, फ्रिज कुठं आणि टीव्ही कुठं यावर घरच्यांशी वाद घालतात. बाथरूमच्या छतातला झरोका कोणाच्याच यादीत नसतो. वर्ष फिरलं की मात्र तोच तक्रारीत पहिला असतो आणि तक्रारीसोबत निदान आणि औषधही तयार असतं: ‘गळतंय, जरा सिलिकॉन मारून द्या.’ माझं म्हणणं असं, की त्या झरोक्यातून टपकणारं पाणी पुष्कळदा पावसाचं नसतंच. आणि पावसाचं असलं तरी सिलिकॉनची ट्यूब हा त्यावरचा इलाज नव्हे. झरोका बदलणं हे एक काम, त्याचं इन्सुलेशन दुसरं आणि वाफेला वाट देणं तिसरं. यातलं एक करून दोन सोडली, तर केलेलं एकही टिकत नाही.

मग भोकच कशाला, पत्रा मारून बंद करा, असं सांगणारे जुने मिस्त्री आहेत आणि त्यांचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. छताला जितकी कमी भोकं, तितकी गाडी टिकते. पण गाडीतलं बाथरूम म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन मीटरहून थोडा कमी उंच असा खोका. आतली हवा दीड घनमीटर. त्याला बाजूनं मोठी खिडकी ठेवता येत नाही, कारण शेजारी दुसरी गाडी उभी असते. उजेड वरूनच घ्यावा लागतो, उंच माणसाला डोकं धुताना हवी असलेली चार बोटं जागा झरोक्यावरच्या डोमच्या फुगवट्यातूनच मिळते, आणि गरम वाफ वर चढत असल्यामुळे तिला बाहेर काढायची योग्य जागाही छतच. जुन्या कोल्हापुरातल्या कौलारू घरांत न्हाणीवर काचेचं कौल बसवत. ते क्वचित गळायचंही, पण मंगलोरी कौलांच्या फटींतून वाफ आपोआप निघून जायची, त्यामुळे त्याचा त्रास जाणवत नसे. ताशी ८० किलोमीटरनं धावणाऱ्या छताला तशा फटी परवडत नाहीत. त्या बुजवल्या की वाफेची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते, आणि तीच नेमकी कोणी घेत नाही.

इथून आकडे सुरू होतात. संपादकांनी डोळेझाक करावी. ३० अंश सेल्सिअसच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३ ग्रॅम. गरम पाण्यानं अंघोळ सुरू झाली की एवढीशी हवा काही मिनिटांत वाफेनं भरते. समजा, डिसेंबरची पहाट आहे: बाहेर १५ अंश, आत ३० अंश आणि मधे चार मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा डोम. ॲक्रिलिक धातूच्या मानानं उष्णता फारच कमी वाहून नेतं, पण चार मिलिमीटर जाडीत त्याचा अडसर नगण्य असतो. खरा अडसर डोमच्या आतून-बाहेरून चिकटलेल्या हवेच्या पातळ थरांचा. हिशेब केला तर डोमचा आतला पृष्ठभाग २१ अंशांच्या आसपास येतो. त्यावर पाणी धरू नये असं वाटत असेल, तर आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी लागेल, आणि अंघोळ चालू असताना ते कुठल्याच बाथरूमला जमत नाही. म्हणून इडलीपात्राच्या झाकणासारखं डोमला आतून पाणी सुटतं. ते उतारावरून ओघळत कडेला येतं, फ्रेमच्या खाचेत साठतं, स्क्रूच्या भोकातून छताच्या प्लायवुडमध्ये उतरतं आणि काही दिवसांनी कोपऱ्यात काळा डाग दिसतो. डाग कोपऱ्यात, म्हणजे सांधा गळतोय, असा निष्कर्ष निघतो. वरून सिलिकॉन मारलं जातं. थंडी सरते, डाग वाळतो आणि श्रेय सिलिकॉनला मिळतं.

यावर आक्षेप असा, की पावसाळ्यात खरंच गळणाऱ्या गाड्या आहेत, त्यांचं काय? आहेत. गगनबावडा, आंबा किंवा राधानगरीच्या बाजूचा पाऊस कोल्हापूर शहराच्या कित्येक पट पडतो, आणि गाडी धावत असेल तर तो नुसता वरून पडत नाही, समोरून रेटला जातो. ताशी ८० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब सुमारे ३०० पास्कल होतो. म्हणजे तो पाण्याला ३० मिलिमीटर वर ढकलू शकतो. झरोक्याच्या फ्रेमची पुढची कड छताला चिकटून सपाट बसवली असेल, तर पाणी चढावावरूनही आत शिरतं. म्हणूनच निदान आधी हवं. कोरड्या दिवशी, झरोका बंद ठेवून, आतून पुसून घेऊन गरम पाणी सोडावं. पाणी दिसलं तर ते दव. उलट आत सगळं कोरडं असताना छतावर पाणी सोडावं, खालच्या कडेपासून वरच्या कडेकडे हळूहळू. आत ओल आली तर ती गळती. आणखी पक्की खात्री हवी असेल तर गाडीची दारं-खिडक्या बंद करून ब्लोअरनं आत थोडा दाब द्यावा आणि बाहेरून सांध्यावर साबणाचं पाणी लावावं. जिथं बुडबुडे, तिथं वाट. ही तपासणी काही तासांची आहे. ती न करता ट्यूब उचलणं म्हणजे ताप न मोजता इंजेक्शन देणं, आणि आमच्या धंद्यात हे इंजेक्शन सर्रास दिलं जातं.

आता सिलिकॉन. माझं या विषयावर थोडं जास्त बोलणं होतं हे मला ठाऊक आहे, पण इथं गैरसमजच फार. सिलिकॉन वाईट पदार्थ नाही. उन्हाला त्याच्याइतकं टिकणारं सीलंट विरळा. उंच इमारतींच्या दर्शनी काचा त्याच्यावर वर्षानुवर्षं धरून राहतात. तिथं मात्र सांध्याची जाडी इंजिनिअर ठरवतो. इथं ती स्क्रूड्रायव्हर ठरवतो. ॲक्रिलिक तापलं की पोलादाच्या सुमारे सहापट प्रसरण पावतं. ६० सेंटिमीटरचा डोम पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर तो सुमारे १.७ मिलिमीटर वाढतो. खालचा पत्रा जेमतेम ०.३ मिलिमीटर. फरक १.४, म्हणजे प्रत्येक टोकाला ०.७ मिलिमीटरची रोजची सरक. शिवाय स्पीडब्रेकर आणि घाटाच्या वळणांवर चासी पिळते, तेव्हा झरोक्याचा चौकोन किंचित तिरका होतो तो वेगळाच. हे सगळं पचवायला सीलंटचा थर दोन-तीन मिलिमीटर जाड हवा. ओलं सिलिकॉन लावून स्क्रू आवळले की ते बाजूनं पिळून निघतं आणि मधे कागदाएवढा थर उरतो. बाहेर आलेली गोंडस पांढरी पट्टी बघून मालक खूश होतो. आत सांधा पहिल्याच उन्हाळ्यात सुटलेला असतो. ती पट्टी मग पाणी अडवत नाही, आत शिरलेलं पाणी बाहेर पडू देत नाही एवढंच.

म्हणून फ्रेमच्या खाली ब्युटाइल टेप. ती कधीच सुकून कडक होत नाही, तीन मिलिमीटर जाडीत तयार मिळते, आवळल्यावर हळूहळू बसते आणि सांध्यासोबत सरकते. स्क्रू एकदम करकचून आवळायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे घ्यायचे आणि टेप स्थिरावल्यावर पुन्हा एक फेरी. डोममधली भोकं स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवायची, नाहीतर सरकायला जागा न मिळाल्यानं ॲक्रिलिक भोकापासूनच तडकतं. ब्युटाइलवर आक्षेप असा, की ती उन्हानं खराब होते आणि कडेला धूळ धरते. खरं आहे, म्हणून तिची उघडी कड वरून उन्हाला टिकणाऱ्या, ॲक्रिलिकला चालणाऱ्या सीलंटनं झाकायची. तिथं चांगल्या प्रतीचं न्यूट्रल सिलिकॉनही चालेल, मी हट्टी नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन मात्र नको, कारण सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि ते पत्र्यावरचं जस्त खातं. आणि सिलिकॉनची खरी खोड अशी, की त्याचा अदृश्य पापुद्रा राहिला तरी त्यावर पुढचं काहीच नीट चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा. एकदा मारलं की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचं अर्धं काम खरवडण्यात जातं. ते खरवडायला गॅरेजमध्ये पहिला हात थिनरच्या डब्याकडे जातो. पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दोन्हींना थिनर आणि पेट्रोल म्हणजे विष. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकवर केसाएवढ्या चिरा उमटतात आणि नवा डोम बसवताक्षणी जुना होतो. प्लास्टिकची पट्टी, साबणाचं पाणी आणि संयम, एवढंच लागतं. तिसरी वस्तू दुकानात मिळत नाही ही अडचण आहे.

बदलण्याचं काम नीट झालं तरी दवाचा प्रश्न तिथंच राहतो, त्यासाठी इन्सुलेशन. डोमच्या खाली १५ ते २० मिलिमीटरची फट ठेवून दुसरं पारदर्शक शीट बसवलं, तर मघाच्याच पहाटे आतला पृष्ठभाग २५ अंशांच्या वर जातो आणि ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडा राहतो. फट आणखी वाढवून फायदा नाही. आतली हवाच फिरू लागते. थंडीत उष्णता खालून वर जाते म्हणून ही हवा चुळबुळते. मे महिन्यात उष्णता वरून येते, गरम थर वरच बसून राहतो आणि तीच फट जास्त चांगलं काम करते. पण उन्हाला फट अडवत नाही. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आहे, मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि ४० बाय ६० सेंटिमीटरच्या पारदर्शक डोममधून २०० वॉटहून अधिक उष्णता आत येते. म्हणून वरचा डोम दुधी घ्यावा. आतून चंदेरी बबल शीट कोंबणं हा लोकप्रिय उपाय अर्धवट आहे: ऊन आत आल्यावर ते अडवलं जातं, डोम आणि शीटच्या मधे हवा तापते आणि थंडीत त्याच शीटच्या मागे, डोळ्याआड, पाणी साठतं. गाडी उभी असताना झाकण बाहेरून घालावं. दुर्लक्षित जागा म्हणजे छताची कापलेली कड. तिथं पत्रा, इन्सुलेशन आणि प्लाय उघडे पडतात, आणि छताचा लोखंडी पाइप थेट फ्रेमला टेकला तर तेवढीच पट्टी ओली होते. त्या पाइपवर एसीच्या डक्टला लावतात ते काळं नायट्राइल रबर गुंडाळावं आणि कडेला पाणी न शोषणारा फोम कापून बसवावा. ग्लासवूल तिथं नको. एकदा भिजलं की ते वाळत नाही आणि गंज मात्र पोसतं.

तिसरं काम वाफेला वाट देणं, म्हणजे छतात पंखा. इथं जाणकार वाचक अडवेल: पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली, मग पंख्यानं ती आत ओढून काय साधणार? आकडेच उत्तर देतात. जुलैमध्ये बाहेर २४ अंशांची, पूर्ण भिजलेली हवा धरली तरी तिच्यात घनमीटरला २२ ग्रॅम वाफ असते. अंघोळीनंतरच्या ३२ अंशांच्या हवेत ३४ ग्रॅम. प्रत्येक घनमीटर बदलताना १२ ग्रॅम पाणी बाहेर जातंच. ताशी ६० घनमीटर हवा ओढणारा १२ व्होल्टचा लहान पंखा दीड मिनिटात खोक्याइतकी हवा बाहेर टाकतो. मात्र त्याला हवा आत येण्याची वाट हवी. बाथरूमच्या दाराखाली दोन बोटं फट नसेल, तर तो सांडपाण्याच्या टाकीतूनच ओढतो, विशेषतः प्रवासात हिंदकळून ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी उडालेलं असेल तेव्हा. वास येतो म्हणून लोक पंखा बंद करतात, आणि दव परत येतं. दुसरा आक्षेप आयात किटचा: युरोपात लाखो गाड्यांवर चाललेलं आपण का बदलावं? बदलू नये, समजून घ्यावं. तिथल्या नियमांना कायम उघडी राहणारी हवेची जागा हवी असते, म्हणून तिथल्या पुष्कळ झरोक्यांच्या फ्रेममध्ये बारीक फट कारखान्यातूनच ठेवलेली असते. आपल्याकडे बसवणारा ती फट बघतो, गळतीचं मूळ सापडल्याच्या आनंदात सिलिकॉननं बुजवतो आणि स्वयंपाकाचा गॅस असलेल्या गाडीचा श्वासच बंद करतो.

बॉडी बांधणाऱ्यांची बाजूही मांडायला हवी. ग्राहक झरोक्याचे पैसे देतो, तपासणीचे आणि वाट पाहण्याचे देत नाही. ब्युटाइल, नायट्राइल आणि पंखा यांचा खर्च सोफ्याच्या रेक्झिनपुढे किरकोळ असूनही घासाघीस तिथंच होते, कारण या वस्तू काम झाल्यावर दिसत नाहीत. दिसणारं काम स्वस्तात आणि न दिसणारं फुकटात, असा हा व्यवहार आहे. तो बदलायचा तर प्रश्न विचारणाऱ्यानं बदलायला हवेत. गाडी ताब्यात घेताना किती ट्यूब सिलिकॉन लागलं हे विचारू नका. फ्रेमखाली काय घातलंय, कापलेली कड कशानं बंद केलीय आणि पंख्याला हवा कुठून येते, एवढे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.