ओळखीची हमी

धुळ्याच्या किंवा जळगांवच्या पेठेंत हमालापासून दिवाणजीपर्यंत कोणालाहि कामावर ठेवावयाचें म्हटलें कीं पहिला प्रश्न येतो तो, "येथें तुला ओळखतो कोण?" प्रश्न वाजवी आहे, पण जो बेघर झाला त्याची ओळखहि घराबरोबरच गेलेली असते, हें आमच्या ध्यानांत येत नाहीं.

1977 सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला, परंतु ती हमी ग्रामीण भागापुरती. गांव सोडून शहरांत आलेला मनुष्य तिला मुकतो. 1959 च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यानें तर हात पसरणाऱ्याला अपराधीच ठरविलें.

तेव्हां उरतो तो व्यापारी. जळगांवच्या डाळ-गिरण्यांत, केळीं गाडींत भरण्याच्या कामीं, धुळ्यास मुंबई-आग्रा रस्त्यावरील ढाब्यांवर, मेहनती हातांची गरज नेहमींच असते. आम्ही दया मागत नाहीं. आरंभीं मजुरी रोजच्या रोज द्यावी, कारण उपाशी मनुष्याला महिनाअखेर फार दूर असते. गांठोडें ठेवण्यास व अंग धुण्यास जागा द्यावी. आणि दोन महिने काम नीट झाल्यास आपल्या नांवाची चिठ्ठी द्यावी. पुढल्या दुकानीं तीच त्याची ओळख.

एखादा पळून जाईल, एखादा व्यसनी निघेल, हें खरें. पण उधारींतील कांहीं रक्कम दरसाल बुडतेच, म्हणून कोणी दुकानाला कुलूप लावीत नाहीं. आणि आम्ही पांढरपेशे तरी? दारीं आलेल्याला शिळी भाकरी देतों. अंगण झाडण्याचें काम मात्र ओळखीच्यालाच सांगतों.