तुझी गोष्ट माझ्यापर्यंत पोचली

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय धाकटे,

नोकरी सोडल्याचं तू पुण्यातल्या दोनच मैत्रिणींना सांगितलंस आणि ते मला इथे खंडेराव मार्केटात कळलं. मी तुरीच्या शेंगा निवडत होते. शेजारच्या बाई जवळ सरकल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘कोईने कहेता नहीं, पण तुमच्या बहिणीचं ऐकलं ते खरं का?’ त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

तू म्हणतेस, ‘मैत्रिणींनी दगा दिला.’ मला तसं वाटत नाही. त्यांना तुझी काळजी वाटली, ती एकटीने पेलवेना, म्हणून त्यांनी आणखी एकीला विश्वासात घेतलं. पुढे तिनंही तेच केलं. शत्रूला मुळात काही कळलेलंच नसतं, म्हणून गुपित फुटतं ते आपल्याच माणसांतून.

आपल्या गावात गुपित फुटल्याचा आणि टिकल्याचा असे दोन्ही नमुने घडून गेलेत. महाराज मल्हारराव गायकवाडांचं प्रकरण तुला ठाऊकच आहे. ९ नोव्हेंबर १८७४ला इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची भुकटी निघाली. संशय महाराजांवर आला आणि चौकशी आयोग बसला. रेसिडेन्सीतले नोकर पैसे घेऊन साहेबाच्या घरातल्या बातम्या महाराजांकडे पोचवत, असं साक्षीत आलं. माफीचं वचन मिळताच त्यांतल्या रावजी हवालदारानं सगळं सांगून टाकलं. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंतही माफीवरच बोलते झाले. नरसू जमादाराला तसं वचन नव्हतं, त्यानं विहिरीत उडी घेतली. त्या साक्षी कितपत खऱ्या, यावर आयोगातच तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. एप्रिल १८७५मध्ये सरकारनं महाराजांना पदच्युत केलं ते गैरकारभाराचं कारण देऊन. माझ्या मनात राहतं ते एवढंच की दुसऱ्याच्या घरातलं जो आपल्याकडे आणून देतो, तो आपल्या घरातलंही कुठेतरी नेणारच. महाराजांनी हे ओळखायला हवं होतं.

दुसरा नमुना मला फार जवळचा. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते आणि बराच काळ आपल्याच दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहत. जतींद्रनाथ बॅनर्जी नावाच्या तरुणाला लष्करी शिक्षण हवं होतं, पण बंगाल्याला फौजेत घेत नसत. तेव्हा त्याचं बंगालीपण लपवून त्याला गायकवाडी फौजेत भरती केलं गेलं. खासेरावांचे भाऊ माधवराव त्याच फौजेत अधिकारी होते, त्यांनी मदत केली. उघडकीला आलं असतं तर माधवरावांची नोकरीही जाऊ शकली असती. तरी ती गोष्ट त्या मंडळींनी पोटात ठेवली. दोस्ती होतीच, पण नुसत्या दोस्तीवर हे निभत नाही. त्या गुपितात प्रत्येकाचं स्वतःचं काही पणाला लागलेलं होतं.

तुझ्या मैत्रिणींचं काय पणाला लागलं होतं? काहीच नाही. त्यांच्याकडे फक्त बातमी होती, आणि नुसती बातमी हातात असली की ती द्यावीशी वाटते. द्यायला काहीतरी असलं की माणूस चार जणांत बसू शकतो, हेही त्यात आलंच. म्हणून त्यांच्याशी अबोला धरू नकोस. पुढच्या वेळी सांगण्याआधी मात्र एवढं बघ, की ही गोष्ट फुटली तर समोरचीचंही काही जाणार आहे का.

आईला अजून कळलेलं नाही. मी ‘मला काही माहीत नाही’ म्हणून मार्केटातून निघून आले, आणि हे खोटं आता माझ्याही अंगावर आहे. पण रावपुऱ्यातल्या भिशीला परवा आई जाणार, आणि त्या बाईही तिथे असतात. तेव्हा उद्या रात्री जेवणं झाल्यावर आईला फोन कर आणि सरळ तूच सांग. मी तिच्याकडेच मुक्कामाला जाते. आधी पगाराचं बोल, कारण बाबा तेच पहिलं विचारतील.

तुझी,
ताई