नेम

आपल्या भाषेंत ‘नेम’ हा एकच शब्द दोन कामांना जुंपलेला आहे. घरांतील वडील माणसांचा सकाळच्या पूजेचा, एकादशीचा, तुळशीला पाणी घालण्याचा नेम असतो. आणि नेमबाज जो धरतो तोहि नेमच. पहिल्यांत एकच गोष्ट रोज न चुकतां करावयाची असते; दुसऱ्यांत ती एकदांच, पण अचूक साधावयाची असते. वरवर पाहतां या दोहोंचा कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु रायफलीची अचूकता कशी पारखतात हें जवळून पाहण्याचा योग आल्यापासून माझी अशी खात्री झाली आहे कीं, दुसरा नेम पहिल्याच्याच पोटीं जन्म घेतो.

ज्या घरांत शस्त्र म्हणून विळी आणि अडकित्ता यांपलीकडे कांहीं नाहीं, त्या घरांत हा विषय आला कोठून, असें कोणी विचारील. तो आमच्या पुतण्यानें आणला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें आणि २०२४ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतल्याच स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक जिंकलें. त्यामुळें पन्नास मीटर रायफलीची गोष्ट महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या माजघरापर्यंत जाऊन पोंचली आहे. या खेळांत ५० मीटरांवरील ज्या वर्तुळाला दहा गुण मिळतात, त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा असतो. आणि गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. एवढ्या अंतरावरून एवढ्याशा गुंडीवर गोळी बसली नाहीं, तर दोष कोणाचा? बंदुकीचा, काडतुसाचा, वाऱ्याचा, कीं माणसाचा? रायफलीच्या परीक्षेचें सारें शास्त्र या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे.

प्रश्न जुना आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं तोफविद्येवर ग्रंथ लिहिला. पुढें गोळीची वाट पाहण्यासाठीं त्यानें मार्गांत पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि बंदुकीची नळी टोंकाशीं डावीकडे वांकवून गोळी झाडली. ती आरंभीं डावीकडे गेली आणि शेवटीं उजवीकडे वळली! नळीच्या भिंतीला घासल्यामुळें गोळीला गिरकी मिळते आणि ती गिरकीच तिला हवेंत वळविते, हें त्याचें अनुमान खरें ठरलें. हा शोधक पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत आपल्या देशांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला.

त्यानंतर शंभर वर्षांनीं जोसेफ व्हिटवर्थनें वाऱ्यालाच प्रश्नांतून वगळण्यासाठीं मँचेस्टर येथें ५०० यार्ड लांबीची बंदिस्त पडवी बांधली. १८५७ सालच्या परीक्षेंत सरकारी एन्फिल्ड रायफलीच्या गोळ्या ५०० यार्डांवर सरासरीनें सव्वादोन फूट भरकटल्या. व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या गोळ्या साडेचार इंच. १८६० सालीं विंबल्डन येथें राणी व्हिक्टोरियानें ४०० यार्डांवर झाडलेली गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर बसली, याचा मोठा गाजावाजा झाला. पण ती रायफल आधींच घोडीवर पक्की आवळलेली होती. राणीच्या हातीं होती ती फक्त दोरी. माणसाला असें बाजूला काढल्यावर जें उरतें, तेंच यंत्राचें खरें रूप.

या बाबतींत सर्वांत चिकाटीचा पुरुष म्हणजे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्समधला डॉक्टर फ्रँकलिन मॅन. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापण्याचें यंत्र काढून त्यानें पैसा मिळविला आणि तो या गोळीच्या नादांत खर्च केला. त्यानें नुसती नळी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर बसविली. त्या बैठकीला तो जिब्राल्टर म्हणे. दस्ता नाहीं, खांदा नाहीं, श्वास नाहीं; तरीहि गोळ्या एका छिद्रांतून जाईनात. मग त्यानें गोळ्या मुद्दाम बिघडवून पाहिल्या. नाक ठेचलेली गोळी बरीचशी सरळ जाई; बुडाची कड जरा कोरलेली गोळी मात्र भलतीकडे जाई. कारण नळींतून सुटतांना मागचा वायु त्या कोरलेल्या बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीला कलती करतो. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानें दाखवून दिलें कीं, गोळीचें भवितव्य दर्शनी टोंकापेक्षां न दिसणाऱ्या बुडावर अधिक अवलंबून असतें.

याच जिज्ञासेंतून आपल्या रायफलीला मानवतील अशीं काडतुसें स्वतः भरण्याची कला पाश्चात्य देशांत वाढली. एकदां वापरलेलें पितळी नळकांडें पुन्हां मापांत आणावयाचें, बुडाशीं नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि तोंडाशीं गोळी ठराविक खोलीपर्यंत दाबावयाची. दारू ग्रेनांत तोलतात. एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. आणि हे लोक ग्रेनाच्याहि दहाव्या हिश्शाचा हिशेब ठेवतात. पण खरी शिस्त तोलण्यांत नाहीं, बदलण्यांत आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दारू बदलली तर गोळी तीच; गोळीची खोली बदलली तर दारू तेवढीच. दोन्ही एकदम बदलून पुंजका लहान आला, तर आनंद मिळतो, ज्ञान मिळत नाहीं.

आपल्याकडे परवान्यावांचून काडतुसें तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानें मनाई आहे. शिवाय आमच्या पुतण्याच्या रायफलीचें बारीक काडतूस घरीं भरण्याजोगें नसतेंच. पेट घेणारें द्रव्य त्याच्या बुडाच्या कडेंत कारखान्यांतच भरलेलें असतें. म्हणून त्याला काडतूस करावयाचें नसतें, निवडावयाचें असतें. कारखाना एक, नांव एक, यंत्र एक. पण प्रत्येक लॉट, आपल्या स्वयंपाकघरच्या भाषेंत प्रत्येक घाणा, थोडा निराळा उतरतो. आणि एका नळीला मानवलेला घाणा दुसरीला मानवेलच असें नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत त्यानें चार घाण्यांचीं काडतुसें नमुन्यादाखल आणलीं. मी शेजारीं बसून वहींत नोंद करीत असें. तिसऱ्या घाण्याच्या पहिल्या तीन गोळ्या जवळजवळ एकाच छिद्रांतून गेल्या आणि स्वारीचें मन तेथेंच बसलें. तो कागद त्यानें घरीं सर्वांना दाखविला. दादांनीं, म्हणजे त्याच्या वडिलांनीं, पैशांची जुळवाजुळव केली आणि वर्षभराचीं काडतुसें त्याच घाण्याचीं घ्यावयाचें ठरलें. निवड-स्पर्धेला तीन आठवडे उरले होते.

पुढच्या दिवसांत मात्र त्या घाण्याची एखादी गोळी मधूनच पुंजका सोडून जाई. प्रत्येक वेळीं तो म्हणे, “काका, ही धरूं नका. माझा हात हलला.” मी ती गोळी लिहीत असें आणि तिच्यापुढें त्याचें म्हणणेंहि लिहीत असें. चौथ्यांदां तेंच वाक्य आलें, तेव्हां मीं वही त्याच्यापुढें धरली आणि विचारलें, “अरे, हात तर तुझा तोच आहे. मग पहिल्या घाण्याच्या वेळीं तो एकदांहि कसा हलला नाहीं?”

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीं त्यानें रायफल शिकंज्यांत आवळून बसविली आणि प्रत्येक घाण्याच्या चाळीस-चाळीस गोळ्या झाडल्या. आतां हात नव्हता, श्वास नव्हता. तरीहि तिसऱ्या घाण्याची गोळी मधूनच बाहेर गेली. ज्याच्या पुंजक्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नव्हतें, तो पहिला घाणा शेवटपर्यंत एकसारखा राहिला. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें स्वतः दादांपुढें दोन्ही कागद ठेवले. ठरलेला सौदा मोडावयाचा होता आणि पुन्हां खटपट करावयाची होती. दादांनीं कागद उजेडाशीं धरून पाहिले आणि एवढेंच म्हणाले, “मग पहिलाच घे.”

यांत नवल असें कीं, पोरगा लबाडी करीत नव्हता. स्वतःकडे दोष घेणें हा आपल्या घरांत सद्गुणच समजला जातो. पण त्या नम्रतेच्या आड एक नकोसें सत्य झांकलें जात होतें. आवडत्या काडतुसाचा लौकिक राखण्यासाठीं बिचाऱ्या हातावर आळ येत होता! फुशारकीनें जसा हिशेब चुकतो, तसा तो खोट्या विनयानेंहि चुकतो.

गणितहि हेंच सांगतें. एकाच रायफलीचे, एकाच काडतुसाचे तीन-तीन गोळ्यांचे पुंजके सरासरीनें २४ मिलिमीटर रुंद येत असतील, तर पांच गोळ्यांचे ३१ आणि दहा गोळ्यांचे ३८ मिलिमीटरांच्या सुमारास येतात. तेवढ्यांत रायफल बिघडलेली नसते. तिचें खरें रूप हळूहळू उघडें होत असतें. तीन गोळ्यांचा सुंदर पुंजका खोटा नसतो, पण तो अपुरा असतो.

आपण मात्र तीन गोळ्यांवर जन्माचे निर्णय करून मोकळे होतों. नव्या सुनेची पहिल्या तीन दिवसांची आमटी, मुलाच्या दोन परीक्षांचे गुण, जांवयाचा पहिला दिवाळसण, एवढ्यावर माणसाची किंमत ठरते. ज्याच्यावर मन बसलें त्याची बाहेर गेलेली गोळी “त्या दिवशीं प्रकृति बरी नव्हती” म्हणून वगळली जाते. ज्याच्यावरून मन उडालें त्याची तेवढी एकच गोळी वर्षानुवर्षें लक्षांत राहते. मोठ्या कुटुंबांतील किती अबोले अशा अपुऱ्या पुंजक्यांतून जन्मले असतील!

आवडत्याची असो वा नावडत्याची, बाहेर गेलेली गोळीहि वहींत लिहावयाची, आणि निकाल देण्यापूर्वीं आणखी कांहीं गोळ्या पाहावयाच्या, हा नेम पाळावयास कठीण आहे. पण हा साधला, तर तो दुसरा नेम फारसा चुकत नाहीं.