माझा हात, त्याचा कागद

हैदराबादच्या गौलीगुड्यात माझं गाड्यांच्या डेंटिंगचं छोटं दुकान आहे. मी उस्तादाच्या हाताखाली शिकलो. पहिलं वर्ष पाने पुसण्यात आणि चहा आणण्यात गेलं, हातोडी मिळाली ती दुसऱ्या वर्षी. त्यामुळे आयटीआय म्हटलं की मला हसू यायचं. फळ्यावर कुठे डेंट निघतो का! भाच्याने दहावीनंतर ऑटो बॉडी रिपेअरच्या एक वर्षाच्या ट्रेडला नाव घातलं, तेव्हा बहिणीला मी तोंडावर सांगितलं, "वर्ष फुकट घालवतेस पोराचं."

कोर्स करून तो माझ्याच दुकानात आला. एकदा बाजूने ठोकर बसलेली गाडी आली. दोन दरवाजांमधला खांब आत दबला होता. मी सवयीने गॅस पेटवला. तापवायचं, ओढायचं, ठोकायचं. अॅम्बॅसिडरपासून हेच करत आलो. भाच्याने हात धरला. "मामा, याला गरम करू नका. बदलावा लागेल."

मी खेकसलो. त्याने मोबाइलवर कंपनीचं मॅन्युअल काढून पुढे धरलं. खांबाचं पोलाद जादा ताकदीचं होतं. ते तापवलं की ताकद उतरते, पुन्हा ठोकर बसली तर खांब दुमडतो आणि आतल्या माणसाच्या बरगड्यांवर येतो.

मी गॅस बंद केला. आजवर असे किती खांब तापवून सरळ केले, हिशेब नाही. वरून रंग असा बसवायचो की मालक बोट फिरवून खूश. त्या गाड्या आज कुठे धावत असतील?

आमच्या गौलीगुड्यात बस स्टँडचा गोल छपराचा लोखंडी शेड होता. 1932 साली निजामाच्या राज्यात 27 बसगाड्यांनी सरकारी सेवा सुरू झाली, त्या काळातला. मी त्याच्याखालून कैकदा गेलो, कधी मान वर करून पाहिलं नाही. 5 जुलै 2018 ला तो कोसळला. लोखंडाच्या पोटातलं डोळ्याला दिसत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता नवा पोरगा काम मागायला आला की विचारतो, "ट्रेड केलास?" नसेल तर आधी तिकडे पाठवतो.

भाच्याला मात्र मी अजून डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवायला लावतो. उंचवटा बोटांना कळायला वर्ष पुरत नाही. तेवढं माझं मत जागच्या जागी आहे.