चांगदेवाचा वाघ, याईराची मुलगी

तापी आणि पूर्णा जिथं भेटतात तिथं चांगदेव नावाचं गाव आहे, मुक्ताईनगरपासून जवळच. योगी चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन निघाले आणि समोरून ज्ञानदेव, मुक्ताई धरून चार भावंडं भिंतीवर बसून आली, ही गोष्ट आमच्याकडच्या पोराला वेगळी सांगावी लागत नाही. मला त्यातली भिंत कधी फारशी भावली नाही. भावतो तो आधीचा कोरा कागद. ज्ञानदेवांना वडील म्हणावं की चिरंजीव, हे चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याला ठरेना, म्हणून त्यानं काहीच न लिहिता पत्र धाडलं. एवढं जगून हा कोराच, म्हणाली मुक्ताई. ज्ञानदेवांनी उत्तरात पासष्ट ओव्या लिहिल्या. लोकांच्या तोंडी भिंत राहिली; चांगदेवांना लागल्या होत्या त्या ओव्या.

शुभवर्तमान मी या वाटेनं वाचत गेलो, म्हणून असेल, पण तिथंही मला चमत्कारापेक्षा त्याच्या आगंमागंच जास्त दिसतं. मार्कानं सांगितलेली याईराची मुलगी घ्या. बारा वर्षांची पोर गेली म्हणून घरात आकांत चाललाय. येशू रडणाऱ्यांना बाहेर काढतो, आईबापांना आणि तिघा शिष्यांना घेऊन आत जातो, पोरीचा हात धरून तिला उठवतो. मग दोन गोष्टी बजावतो: हे कुणाला कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खायला द्या. आजारातून उठलेलं लेकरू भुकेलं असणार, हे त्या गर्दीत त्याच्याच लक्षात राहिलं होतं.

कुष्ठरोग्याच्या गोष्टीतही तेच. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला त्यानं आधी हात लावला. बरं झाल्यावर सांगितलं, गाजावाजा करू नकोस, जा, याजकाला दाखव. याजकानं शुद्ध म्हटल्याशिवाय गावात परतता येत नसे. कातडी बरी होणं हे अर्धंच काम होतं. त्याला घराचा उंबरठा परत मिळायला हवा होता.

चंगाई सभांच्या मंडपात मात्र कर्णा लावून एकेकाच्या साक्षी ऐकवतात. आजाऱ्यानं आशेनं तिथं जावं, त्याला हसणारा मी कोण? पण ‘सांगू नका’ ही ओळ त्या कर्ण्यातून कधी ऐकू आली नाही.

पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार पुरुष जेवले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. योहान सांगतो, भाकरी जवाच्या होत्या. म्हणजे गरिबाच्या, आमच्या कळण्याच्या भाकरीसारख्या. जेवलेले लोक त्याला धरून राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटा डोंगरात निघून गेला. दुसऱ्या दिवशी गाठलं तर तोंडावर म्हणाला, तुम्ही पोटभर खाल्लंत म्हणून मला शोधताय. हे वाचून मला त्याच्यापेक्षा त्या भुकेल्या लोकांचीच जास्त कणव येते.

आणि ज्यांच्या वाट्याला चमत्कार आला नाही त्यांचं काय? धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढं ते नगरला नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी राहिले. ख्रिस्तावर जीव टाकणाऱ्या त्या घरानं या मुलाला आपला मानलं. ५ मे १९१८ ला भादली स्थानकाजवळ तो रेल्वेखाली गेला. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. ते इंजिन कुणी थोपवलं नाही.

मी याचं उत्तर बायबलात शोधतो तेव्हा लाजराच्या बेथानी गावाशी येऊन अडतो. लाजर मरून चार दिवस झालेले. आता आपण त्याला उठवणार, हे येशूला ठाऊक आहे, तरी लाजराच्या बहिणीला रडताना पाहून तोही रडतो. चमत्कारानं दुःख मिटणारच होतं, तर हे रडणं कशाला? माझ्या मते त्या अध्यायातलं थडग्याबाहेर येणं एकदाच घडलं, लाजराला पुन्हा मरायचंच होतं. रडणं मात्र भादलीपर्यंत पोचतं.

बरं, एवढा मोठा पुरावा डोळ्यांपुढं घडल्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला म्हणावं, तर तसंही नाही. काहींनी ठेवला, काहींनी जाऊन परुश्यांना खबर दिली. त्या दिवसापासून येशूला मारण्याचा कट शिजू लागला, आणि थोड्या दिवसांनी मुख्य याजकांनी लाजरालाही मारून टाकण्याचा बेत केला.